खेळाचे मैदान आणि जाधवरावांचे गाव

तालुका तिथे क्रीडा संकुल हे सूत्र महाराष्ट्राच्या २००१ च्या क्रीडा धोरणापासून चालत आले आहे. बहुतेक तालुक्यांत ते अमलात आणताना अडचण येते ती जागेची. मग गावाबाहेरची ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमीन शोधली जाते, मोजणी होते, तारेचे कुंपण पडते आणि काही वर्षांनी तिथे अर्धवट गॅलरी आणि गाजरगवत एकमेकांच्या सोबतीने उभे असतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजात मात्र नुसती जागा सापडून भागत नाही. हे जिजाऊंचे जन्मगाव. इथे लखुजीराव जाधवांचा राजवाडा आहे, त्यांची समाधी आहे, रंगमहाल, काळाकोट, साकरवाडा, नीळकंठेश्वर आणि रामेश्वराची देवळे, मोती तलाव, चांदणी तलाव, पुतळा बारव आहे. आणि हे सगळे एका आवारात नसून चालत्या-बोलत्या गावात विखुरलेले आहे. अशा गावात मोठे मैदान बांधायचे तर कसे बांधावे, याचे उत्तर वास्तुरचनेच्या नव्या पुस्तकांपेक्षा दख्खनच्या जुन्या मैदानांकडे अधिक आहे असे मला वाटते. आपल्याकडे खेळ आणि गर्दी यांना जागा देण्याची रीत जमिनीला धरून राहणारी होती. वर चढणाऱ्या भिंती आणि छपरे तिच्यात नंतर आली, आणि ऐतिहासिक गावाला त्रास होतो तो खेळाचा नव्हे, त्या भिंतींचा आणि छपरांचा.

सिंदखेडची घडण आधी नीट पाहायला हवी. निजामशाहीतले मातब्बर सरदार लखुजीराव जाधव यांच्या वाड्यात १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला. पुढे २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात लखुजी आणि त्यांचे पुत्र दरबारातच मारले गेले, आणि एका उगवत्या घराण्याची राजधानी होऊ पाहणारे हे गाव तिथेच थबकले. काळाकोटाच्या सुमारे वीस फूट रुंदीच्या सांगितल्या जाणाऱ्या भिंती पाहिल्या की इथे केवढे मोठे काही उभे करायचे मनात होते ते कळते. साकरवाड्याचा परकोट चाळीस फूट उंच सांगितला जातो. पण या गावाचे खरे कौशल्य उंचीपेक्षा पाण्यात दिसते. मोती तलावाचा बांध, चांदणी तलावाच्या मधोमध उभी असलेली तीन मजली वास्तू, पायऱ्या उतरत जावे तशी मूर्तींनी भरलेली पुतळा बारव, ही सगळी कामे कमी पावसाच्या प्रदेशातल्या माणसांनी उतार आणि झरे ओळखून केलेली आहेत. म्हणजे सिंदखेडचा वारसा दगडात जितका आहे तितकाच तो जमिनीच्या चढउतारात आणि पाण्याच्या वाटेत आहे. स्मारकांच्या यादीत दगडाची नोंद होते, उताराची होत नाही. नव्या बांधकामाचा पहिला धक्का बसतो तो नेमका या नोंद नसलेल्या भागाला.

भारतात बांधीव क्रीडांगणांची परंपराच नव्हती असे नाही. कच्छमधल्या धोलाविरा या हडप्पाकालीन नगरात बालेकिल्ला आणि मधले नगर यांच्यामध्ये सुमारे २८३ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद अशी मोकळी जागा आहे आणि तिच्या कडांना बसण्यासारखे टप्पे आहेत. उत्खनन करणाऱ्यांनी तिला स्टेडियम म्हटले. कृष्णेकाठच्या नागार्जुनकोंड्याला इक्ष्वाकूंच्या काळातला, चारी बाजूंनी पायऱ्या असलेला एक आखाडा सापडला. धरणात बुडू नये म्हणून त्याचे दगड हलवून अनुपू इथे पुन्हा रचले. दोन्ही ठिकाणी जमिनीलाच टप्पे करून बसायची सोय केली आहे. त्यानंतरच्या दख्खनच्या गावांत मात्र असे काही आढळत नाही, आणि याचे कारण उत्साहाचा अभाव हे नव्हे. इथे मैदान ही कायम इमारत नव्हती, ती हंगामी व्यवस्था होती. वऱ्हाडातला शंकरपट घ्या. पिके घरात आली की सपाट, कठीण जमिनीचा एक लांब पट्टा साफ करायचा, खडे वेचायचे, दोन्ही बाजूंना माणसांनी रांगा धरायच्या, आणि धुरकऱ्याने बैलजोडी त्या पट्ट्यावरून सोडायची. निकाल सेकंदाच्या अंशांवर ठरतो. हजारो माणसे जमतात, आणि चार दिवसांनी त्याच जमिनीवर गुरे चरताना दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला; एवढ्या वर्षांच्या खंडानंतर पट पुन्हा सुरू व्हायला कुठल्याही इमारतीची डागडुजी करावी लागली नाही. जत्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीचेही तसेच. माती उकरून भुसभुशीत करायची, भोवती दोर आणि माणसांचे कडे धरायचे, डफडे वाजायला लागले की नारळाच्या कुस्तीपासून इनामाच्या कुस्तीपर्यंत दिवस जातो.

यावर लगेच म्हणता येईल की ही गरिबीची व्यवस्था होती, तिला रीत म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. पैसा आणि राजाश्रय मिळाला असता तर आपल्याकडेही मोठी क्रीडांगणे झाली असती. या आक्षेपाचे उत्तर कोल्हापुरात आहे, कारण तिथे पैसा आणि राजाश्रय दोन्ही होते. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी युरोपात गेले, रोममधले कलोसियम त्यांनी पाहिले, आणि त्यातून खासबागेच्या कुस्ती मैदानाची कल्पना निघाली हे सर्वश्रुत आहे. काम १९०७ मध्ये सुरू होऊन १९१२ मध्ये पुरे झाले. जागा शहराच्या ऐन मध्यात, जुना राजवाडा आणि अंबाबाईचे देऊळ यांच्या शेजारात. तरीही खासबागेला रोमची नक्कल म्हणणे चुकीचे ठरेल. कलोसियम ही कमानींवर कमानी चढवत आकाशात नेलेली भिंत आहे. खासबागेत मधोमध लाल मातीचा हौदा आहे आणि भोवतीची जमीनच बशीसारखी चढत बाहेर जाते. तीस हजारांहून अधिक माणसे त्या उतारावर बसतात आणि पुढच्याच्या डोक्यावरून मागच्याला हौद्यातल्या पैलवानाचा पाय कुठे पडला तेही दिसते. महाराजांनी रोमहून आणले ते एवढेच, की सगळ्यांना सारखे दिसले पाहिजे. ते साधले मात्र मातीच्या चढाने. म्हणून शंभर वर्षांनंतरही ते मैदान देवळाच्या शिखराशी किंवा राजवाड्याच्या नगारखान्याशी स्पर्धा करत नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला लागलेल्या आगीत मैदानाकडचे व्यासपीठही जळाले. हौद्याची लाल माती आणि भोवतीचा उतार, म्हणजे ज्यावर हे मैदान चालते ते, जळण्यासारखे नव्हतेच.

मग सिंदखेडराजात दुसरी खासबाग खोदावी का? इथे माझ्याच म्हणण्याला एक मोठा अडथळा येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. जून २०२४ मध्ये लखुजीरावांच्या समाधीच्या संवर्धनाचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाच्या लोकांना काही दगड दिसले. खणत गेल्यावर आधी एका देवळाचा पाया लागला आणि मग सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती सापडली. क्लोराइट शिस्ट या मऊ, गडद दगडातली ही मूर्ती १.७० मीटर लांब आणि एक मीटर उंच आहे. शेषावर पहुडलेला विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी, आणि पट्टीवर समुद्रमंथनाचा प्रसंग. दगड दक्षिणेकडच्या शिल्पांत जास्त दिसणारा आहे, म्हणजे जाधवरावांच्याही कितीतरी आधी या गावाचे दूरवर संबंध होते. इतके महत्त्वाचे शिल्प माणसाच्या डोक्याहून थोडे अधिक खोलीवर, रोज पर्यटक जिथून फिरतात त्या जमिनीखाली होते. कोल्हापुरात शाहू महाराजांना जे करता आले ते सिंदखेडात करता येत नाही, कारण इथली जमीन रिकामी धरून चालता येत नाही. आणि सार्वजनिक बांधकामातले खोदकाम हे पुरातत्त्वाच्या खोदकामासारखे कुंचल्याने होत नाही. जेसीबीचा एक दात मूर्तीला लागला तर कळायच्या आत काम झालेले असते.

त्यात काळ्या मातीची भर. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर पक्के बांधकाम करायचे तर आधी ती काढून मुरूम भरावा लागतो. सिंथेटिक धावपट्टी, काँक्रीटची गॅलरी, छपराचे खांब, जे जे म्हणून आधुनिक स्टेडियमला लागते ते सगळे आधी खोल पाया मागते. म्हणजे वर भिंत नको आणि खाली खड्डाही नको, अशा पेचात आपण सापडतो. गंमत अशी की यातून सुटायची एक युक्ती त्याच शहराने वापरली, ज्याचा जागतिक वारशाचा दर्जा स्टेडियममुळे गेला असे सर्रास सांगितले जाते. लिव्हरपूलच्या ब्रॅम्ले-मूर गोदीत एव्हर्टन फुटबॉल क्लबने सुमारे ५३ हजार प्रेक्षकांचे स्टेडियम बांधले. युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीने २१ जुलै २०२१ रोजी लिव्हरपूलचे नाव यादीतून काढले. त्याच बैठकीत २७ जुलैला धोलाविराचे नाव यादीत घातले गेले, ज्याच्या आराखड्यात स्टेडियम म्हटलेली जागा साडेचार हजार वर्षांपासून आहे. लिव्हरपूलचे नाव एकट्या स्टेडियममुळे गेले नाही. बंदरावरच्या उंच इमारतींच्या आराखड्यामुळे ते २०१२ पासूनच धोक्याच्या यादीत होते. आणि स्टेडियम बांधणाऱ्यांनी गोदीच्या दगडी भिंती फोडल्या नाहीत, गोदीत समुद्रातली वाळू भरून त्या खाली जपून ठेवल्या. दर्जा गेला तो वर उठलेल्या आकारामुळे. खालच्या दगडांबाबत त्यांनी केले ते मात्र शिकण्यासारखे आहे. सिंदखेडात खोदण्याऐवजी भराव घालता येतो. मूळ जमिनीवर कापडी थर अंथरून वर मुरूम पसरला आणि रोलर फिरवला, तर खाली काय आहे ते उद्याच्या संशोधकासाठी तसेच राहते.

कायदा आहे की, मग एवढा विचार कशाला, असे काहींना वाटेल. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असते; १९९२ च्या अधिसूचनेने ते ठरले आणि २०१० च्या दुरुस्तीने कायद्यात पक्के झाले. राज्य संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. पण हे सगळे एकेका स्मारकाला केंद्र धरून मोजलेले आहे. तीनशे मीटरचे वर्तुळ जिथे संपते तिथून एक पाऊल पुढे तीन मजली गॅलरी उभी राहिली, तर ती कागदावर निर्दोष असेल आणि राजवाड्याच्या दारातून मात्र ठळक दिसेल. श्रीलंकेत गॉलच्या किल्ल्याखालचे क्रिकेट मैदान पाहा. मैदानाने किल्ल्याचे कधीच काही बिघडवले नव्हते. उलट तटावर बसून फुकट सामना बघणे ही तिथली खरी मौज. २००४ च्या त्सुनामीनंतर ते मैदान पुन्हा उभे करताना पॅव्हेलियनचे जे बांधकाम झाले, त्यावरून किल्ल्याचा जागतिक वारसा दर्जा धोक्यात येतो म्हणून २०१८ मध्ये सरकारी पातळीवर ते पाडण्याची भाषा झाली. वाद हिरवळीचा नव्हता, पॅव्हेलियनच्या उंचीचा होता. आपल्याच जिल्ह्यातल्या लोणारने याहून महत्त्वाचे शिकवले आहे. तिथे दैत्यसूदनाचे देऊळ संरक्षित आहे, पण सरोवर वाचवायचे तर नुसत्या देवळांभोवती वर्तुळे आखून भागत नाही. झरे, उतार, वरच्या गावातून खाली येणारे पाणी हे सगळे हिशेबात धरावे लागते. २०२० मध्ये सरोवर रामसर स्थळ झाले तेव्हा पाणथळ जागा या नात्याने झाले. सिंदखेडात तेच मोती आणि चांदणी तलावांना लागू आहे. आठ पट्ट्यांची ४०० मीटरची धावपट्टी साधारण १७७ मीटर लांब आणि ९३ मीटर रुंद जागा घेते, म्हणजे सुमारे १.६५ हेक्टर. त्यावर एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी १ लाख ६५ हजार लिटर पाणी होते. मातीच्या मैदानात त्यातले बरेच मुरते. सिंथेटिक आणि काँक्रीट ते सगळे बाहेर फेकतात. कुठे फेकतात, हा प्रश्न तलावांच्या गावात सगळ्यात आधी विचारला पाहिजे, आणि १०० आणि २०० मीटरच्या नियमांत तो कुठेच येत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळा आहे. विदर्भाच्या अनुशेषाच्या गप्पा चालतात आणि इथे मात्र मुलामुलींना आधुनिक सुविधा नाकारायच्या, वारशाच्या नावाखाली गाव मागास ठेवायचे, हे शहरी माणसाचे चोचले झाले. या तक्रारीत तथ्य आहे आणि तिचे उत्तर सुविधा नाकारून देता येत नाही. तेव्हा सिंदखेडराजा आणि आसपासच्या खेड्यांतल्या तरुणांना नेमके काय हवे आहे ते पाहू. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असते. एकूण ५० गुण. यासाठी पहाटे हमरस्त्याच्या कडेने, वाहनांच्या दिव्यांपुढे धावणारी पोरे या भागात कुणालाही दिसतात. मापाची धावपट्टी असेल तर मुलाच्या १६०० मीटरचे बरोबर चार फेरे आणि मुलीच्या ८०० मीटरचे दोन. कुठल्या फेरीत दम तुटतो ते कळते, वेळ लावता येते. त्याला लागते ती सपाट, मापाची, पाणी न साचणारी धावपट्टी, पहाटे चारला उघडे असणारे फाटक, दिवे, आणि मुलींसाठी स्वच्छतागृह. गॅलरीवर बसून कुणाचाही दम वाढत नाही. उलट आपल्या संकुलांच्या अंदाजपत्रकात गॅलरी, प्रवेशद्वार आणि इनडोअर हॉल आधी पैसे खातात आणि मैदानाच्या मातीपर्यंत निधी पोचेपर्यंत आर्थिक वर्ष संपते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगापुढे मांडले. १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या त्या आखाड्याला तिथवर नेणारी गोष्ट प्रेक्षकांची आसने नव्हती. सिंथेटिक धावपट्टी जिल्ह्याच्या ठिकाणी असावी आणि तिथे जायला-यायला खेळाडूंना बसचा पास असावा. तालुक्याला मातीची, वर्षातून एकदा मुरूम टाकून रोलर फिरवलेली धावपट्टी अधिक उपयोगी पडते, कारण तिची दुरुस्ती नगरपरिषदेच्या आवाक्यात असते.

उरतो तो १२ जानेवारीचा मुद्दा. जिजाऊ जन्मोत्सवाला सिंदखेडराजात लाखोंचा समुदाय लोटतो, तेव्हा मोठे स्टेडियम त्या दिवशीही कामी येईल असे सुचवले जाऊ शकते. पण लाखांची सोय होईल असे स्टेडियम कुठल्याच तालुक्यात बांधता येत नाही, आणि वीस हजारांचे बांधले तर त्या दिवशी ते अपुरे आणि बाकीचे दिवस ओसाड. खासबागेचे मैदान वर्षभर जिवंत राहिले याचे श्रेय भोवतीच्या तालमींना आहे. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी अशा तालमींत रोज सकाळी माती अंगाला लागत होती म्हणून सणाच्या दिवशी तीस हजार लोक उतारावर येऊन बसत. तेव्हा उत्सवाच्या मोजमापाने मैदान बांधू नये. १२ जानेवारीला त्याच सपाट जागेवर मांडव पडावा, पाण्याचे टँकर उभे राहावेत, आणि आठवड्याने पुन्हा चुन्याच्या रेघा मारून पोरांनी धावायला लागावे, शंकरपटाची जमीन जशी पुन्हा गुरांकडे जाते तसे.

हे सगळे एका कामाच्या नकाशात बसते. जागा तीनशे मीटरच्या वर्तुळांबाहेर आणि तलावांच्या पाणलोटाच्या खालच्या अंगाला, म्हणजे मैदानाचे पाणी तलावात जाणार नाही आणि तलावाकडे जाणारे पाणी मैदान अडवणार नाही. निविदा काढण्याआधी पुरातत्त्व खात्याकडून भूभेदी रडारने पाहणी आणि हाताने खणलेले चाचणी-खड्डे, आणि त्याचा खर्च बांधकामाच्याच अंदाजपत्रकात धरलेला. मूळ जमिनीला हात न लावता मुरमाचा भराव. गॅलरीच्या जागी पश्चिमेच्या बाजूला दीड-दोन मीटर उंचीचा, हरळी लावलेला मातीचा बांध, कारण संध्याकाळच्या सामन्याला ऊन पाठीवर असले पाहिजे. बांधाच्या मागे सावलीसाठी कडुनिंब. दिव्यांचे खांब घडी होऊन खाली येणारे. कपडे बदलायच्या खोल्या एकमजली, इथल्याच काळ्या दगडात, नगारखान्याची किंवा छत्रीची नक्कल न करता; सिमेंटचे खोटे बुरूज आणि तटबंदीचे दात आपल्या गावोगावच्या प्रवेशद्वारांवर पुरेसे झाले आहेत. आणि फाटकावर कुलूप कुणाकडे असेल आणि पहाटे ते कोण उघडेल, त्या माणसाचा पगार कुठल्या लेखाशीर्षातून निघेल, हे भूमिपूजनाआधी लिहून ठेवलेले.